अक्षराला काय भाव?

नाशिकच्या मेन रोडवरून रविवार कारंज्याकडे काही काम नसताना चालत निघालं, की दुकानांआधी दुकानांवरच्या पाट्या भेटतात. लोक पाट्या वाचतात त्या दुकान सापडावं म्हणून. मला अलीकडे निराळाच चाळा लागला आहे. पाटी दिसली की ती कोणत्या मापाने विकली गेली असेल, हे ओळखत बसायचं. अक्षरावर, चौरस फुटावर, की इंचावर? फारसं अवघड नसतं ते. जुन्या पत्र्यावर 'पीठ गिरणी' एवढंच लिहून मालक गप्प बसला असेल, तर भाव अक्षरावर लागलेला असतो. गणपती, साईबाबा, मालक, मालकाचा पुतण्या, चार फोन नंबर आणि 'एक वेळ अवश्य भेट द्या' हे सगळे एकाच चौकटीत खांद्याला खांदा लावून उभे असतील, तर चौरस फुटावर. आणि कॉलेज रोडला एखाद्या काळ्या भिंतीवर एकच शब्द मंद उजेडात तरंगत असेल, तर तो इंचावर घेतलेला आहे, हे खुशाल समजावं. गावाची भाषा पंडितांनी आणि कवींनी घडवली असं आपण म्हणतो, म्हणावंही. पण बाजारपेठेपुरती तरी ती पेंटरच्या दराने घडवली, असं माझं मत हळूहळू पक्कं होत चाललं आहे.

अक्षरावर भाव लावणारे एक पेंटर आमच्या पेठेत होते. कोल्हापूरच्या बाबूराव मिस्त्रींचं आडनाव त्यांच्या धंद्याने गिळून टाकलं आणि ते बाबूराव पेंटर म्हणूनच सिनेमाच्या इतिहासात गेले. आमच्या पेंटरचं तर पाळण्यातलं नावही धंद्यात बुडालं होतं. लहानथोर सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत, आणि मला वाटतं घरी काकूही तसंच म्हणत असाव्यात. दुकान म्हणजे एका जुन्या वाड्याचा रस्त्याकडचा एक खण. मागे कापलेल्या पत्र्यांची चळत, कडेला लाकडी पट्ट्या, आणि बाहेर बोळाच्या भिंतीला टेकून वाळत ठेवलेल्या पाट्या. त्या भिंतीशी दवाखाना, सायकलचं दुकान, कुणाच्या तरी स्मरणार्थ पाणपोई आणि 'येथे वाहने उभी करू नयेत' अशी मंडळी एकमेकांची ओळख नसताना दिवसचे दिवस शेजारी उभी असत. दुपारी तिथून जाताना वाटायचं, एखादं अख्खं गाव अजून वसायचं आहे आणि त्याची नावं मात्र आधी येऊन थांबली आहेत.

काकांची सगळी हत्यारं चहाच्या एका रिकाम्या खोक्यात मावत. खारीच्या केसांचे ब्रश, जाड, बारीक, एक तर इतका बारीक की तो फक्त अनुस्वारासाठी आहे अशी माझी समजूत होती. काम झालं की ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, केसांना तेलाचं बोट लावून, टोक चिमटीत धरून नीट निजवले जात. पत्रा आला की आधी काचपेपर, मग रेड ऑक्साइडचा प्रायमर, जिथे पोचा असेल तिथे लांबी, ती वाळली की पुन्हा घासणी, आणि मग ऑइल पेंटचे दोन हात. दोन हातांच्या मध्ये एक दिवस जायलाच हवा. त्यानंतर खरा सोहळा. निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडून द्यायची. टच्च असा आवाज होऊन पत्र्यावर एक सरळ निळी रेघ उमटे. ही शिरोरेषा. इंग्रजी अक्षरं पायांवर उभी राहतात, आपली वरून लोंबतात. त्यामुळे ही एक रेघ चुकली की अख्खा व्यवसाय एका बाजूला कलतो, असं काका सांगत. मग खडूने अक्षरांच्या जागा, आणि शेवटी डाव्या हातात टोकाला चिंधी गुंडाळलेली काठी, काठीवर उजवं मनगट, मनगटापुढे श्वास रोखून चाललेला ब्रश. नाशिकची थंडी गव्हाला मानवते, ऑइल पेंटला नाही. पौषात रंग घट्ट व्हायचा, टर्पेंटाइन जास्त झालं की अक्षराला ओघळ यायचा. पावसाळ्यात तर एनॅमल वाळतच नसे. आषाढात टाकलेली पाटी दसऱ्याला मिळेल, असं ते आधीच सांगून टाकत, आणि गिऱ्हाइकालाही दसऱ्याचाच मुहूर्त हवा असल्याने कुणाचं काही अडत नसे.

भाव ठरायचा तो अक्षरावर, आणि देवनागरीत अक्षर म्हणजे नक्की काय, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकांपेक्षा त्या खणात अधिक कसून चर्चिला गेला असेल. काकांनी आपला कायदा बसवला होता. काना, मात्रा, वेलांटी, उकार अक्षराच्या पोटात; त्यांचे वेगळे पैसे नाहीत. अनुस्वार फुकट. जोडाक्षर दीड अक्षर धरायचं. पाटीच्या माथ्यावरचा 'श्री' देवाचा, त्याला दाम नाही. पण मालकाच्या नावाआधीचा 'श्री.' हा माणसाचा, तो दीड अक्षराच्या भावाने. दोन्हींत फरक फक्त एका टिंबाचा, आणि तेवढं टिंब गिऱ्हाइकाला महाग पडे. एका दुकानदाराने 'आणि बंधू' काढून 'ब्रदर्स' लिहा, एक अक्षर वाचेल, असा तोडगा काढला होता. काकांनी शांतपणे बोटं मोजली. ब्र दीड, द एक, र्स दीड. बेरीज पुन्हा चार. दुकानदार बराच वेळ बोळातल्या पाट्यांकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, राहू द्या बंधूच. मला वाटतं त्या घरात मराठी टिकली ती अशी.

त्र्यंबकेश्वर जवळ असल्यामुळे आमच्याकडे त्र्यंबक नावाची वानवा नाही, आणि काकांच्या हिशेबाची खरी कसोटी त्या नावाशी लागे. 'त्र्यं' हे एक अक्षर कसं म्हणायचं? त त्यात आहे, र आहे, य आहे, वर अनुस्वार बसलेला. काका त्याची दोन अक्षरं धरत.

"काका, देवाचं नाव आहे हो."

"देवळाची पाटी आणा, फुकट करतो. ही पंक्चरची आहे."

कुणी 'किराणा व भुसार' मधल्या 'व'वर अडून बसे. एवढ्याशा 'व'चेही पैसे? "मग तो काय हवेत लिहू?" असं काका विचारत, आणि गिऱ्हाईक क्षणभर खरोखरच विचारात पडे. शेवटी बहुतेक वेळा 'व' जायचा. अशा रीतीने पेठेतल्या पाट्यांमधून उभयान्वयी अव्ययं नाहीशी झाली, विशेषणं गेली, 'उत्तम', 'खात्रीशीर', 'माफक' ही सगळी मंडळी घरी बसली. राहिलं ते फक्त नाम. दूध. बर्फ. वकील. कापसाच्या गाद्या. लेखकांना जो संयम आयुष्यभर साधत नाही, तो आमच्या पेठेतल्या किराणावाल्यांना पहिल्याच पाटीत साधत असे.

एका गोष्टीत मात्र काकांचा हिशेब स्वतःहून मोडत असे. पाणपोईची किंवा देवळातल्या पंख्याची पाटी आली, की गेलेल्या माणसाच्या नावाची अक्षरं ते मोजत नसत. पत्र्याचे आणि रंगाचे पैसे घेत, 'यांच्या स्मरणार्थ'चे घेत, देणगी देणाऱ्या मुलांच्या नावांचे तर चोख घेत. मधलं एक नाव तेवढं बिलातून गळून जाई. आणि आणखी काही अक्षरं अशीच बिनदामाची होती: पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक ब्रशने केलेली त्यांची सही. त्यावर एकदा कुणीतरी त्यांना सवलत मागितली होती. माझ्या पाटीवर तुमची जाहिरात होते, तेव्हा दोन रुपये कमी करा. काकांनी दोन रुपये कमी केले आणि सही थोडी मोठी केली.

पैशांचा हिशेब चारचौघांत मांडून ठेवायची नाशिकला फार जुनी सवय आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात एक लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने लेणं दान दिलं आणि वर ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव त्या काळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली: एकीकडे २,०००, महिना शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मी एकदा हा हिशेब करून पाहिला. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका नाण्याचाही फरक नाही. त्याखाली आठ हजार नारळाच्या झाडांचं दानही नोंदवलं आहे, आणि शेवटी म्हटलं आहे की हे सारं निगमसभेत ऐकवलं आणि रीतीप्रमाणे फलकांवर नोंदवलं. विद्वानांचा त्या शेवटच्या शब्दांवर थोडा काथ्याकूट आहे, कुणी त्याचा अर्थ दप्तरखाना असाही करतात. मला मात्र फलकच हवे आहेत. म्हणजे डोंगरात आहे ती केवळ दगडी नक्कल, आणि मूळ पाटी खाली बाजारात कुठेतरी टांगलेली होती, असं समजायला मला आवडतं. गंगापूर रस्त्याला आज गोवर्धन नावाचं गाव आहेच. त्या लेखात व्याज आहे, मुद्दल आहे, नारळ आहेत, गावांची नावं आहेत. कोरणाऱ्याला अक्षरामागे काय मिळालं, तेवढं नाही. ब्राह्मीत जोडाक्षराचं दीड धरत की एक, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

मग नव्या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत कधीतरी फ्लेक्स आला. पॉलिएस्टरची जाळी, तिच्यावर पीव्हीसीचा थर, आणि त्यावर शाईचे फवारे मारत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे येरझाऱ्या घालणारं ते रुंद मशीन. काका ज्या पाटीला आठवडा लावत, ती आता अर्ध्या तासात वास मारत बाहेर पडू लागली. पण खरी क्रांती मशीनने केली नाही, मापाने केली. भाव चौरस फुटावर आला, विसेक रुपयांच्या आतबाहेर, आणि अक्षरं एकदम फुकट झाली. एक लिहा की शंभर लिहा, दर तोच. कित्येक वर्षं घरी बसवलेली विशेषणं एका रात्रीत परत आली. 'व' आला, 'तसेच' आला, 'आमचे येथे' आलं, 'इत्यादी' आलं, आणि इत्यादीत जे जे येत होतं तेही सगळं लिहून झालं. पूर्वी रिकामी जागा फुकट होती आणि शब्दाला पैसे पडत. आता शब्द फुकट आणि रिकामी जागा महाग. पैसे दिलेल्या फुटावर काहीच नाही, हे कुठल्या व्यापाऱ्याला बघवेल?

त्यातही रोलची एक गंमत आहे. फ्लेक्सचे रोल ठरावीक रुंदीचे येतात: तीन फूट, चार, पाच, सहा, आठ, दहा. तुमच्या शटरवर साडेपाच फुटी पाटी बसत असेल, तर मशीनवर सहाचा रोल चढतो आणि उरलेला अर्धा फूट तुमच्याच बिलात लागतो. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की ते थोडा वेळ गप्प राहतं आणि मग म्हणतं, "दादा, शटरच्या वर थोडी जागा आहे, सहाच करा. आणि त्या अर्ध्या फुटात लिहा काहीतरी." काय लिहायचं हे ठरलेलं नसतं. मग 'झाडे लावा, झाडे जगवा' येतं, 'पाणी हेच जीवन' येतं. नाशिकच्या दुकानांवरची पर्यावरणाची निम्मी काळजी रोलच्या रुंदीतून जन्मली आहे, असा मला दाट संशय आहे.

वाढदिवसाच्या फ्लेक्सने या हिशेबाला आणखी एक मजला चढवला. तिथे दुकानदार भाव लावतो चौरस फुटाला, पण मंडळात वर्गणी गोळा होते चेहऱ्याला. ज्याची वर्गणी मोठी त्याचा गोल मोठा. वर नेत्यांची रांग, मध्ये गॉगल लावून आभाळाकडे बघणारा उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे टिकलीएवढे चेहरे. त्या टिकल्यांतला एखादा पोरगा दोन दिवस त्या चौकातून मुद्दाम सावकाश गाडी चालवतो आणि मित्रांना आपला चेहरा शोधून दाखवतो. चेष्टा करायची खूप सोय आहे, पण मी करत नाही. इतक्या स्वस्तात आपल्या गावात आपलं नाव चौकात लागणं याआधी कुणाला परवडलं होतं? उषवदाताला त्यासाठी क्षत्रपाचा जावई व्हावं लागलं. आणि फ्लेक्स उतरल्यावर वाया जात नाही. लासलगावच्या वाटेवर कांद्याच्या ढिगाऱ्यांवर ते चेहरे पावसात उताणे झोपलेले दिसतात. 'आपला माणूस' असं खाली लिहिलेलं असतं, आणि त्या घटकेला ते अगदी खरं असतं.

फ्लेक्सच्या दुकानात काकांच्या जागी एक विशीतला मुलगा बसतो. त्याचं खोकं म्हणजे कॉम्प्युटर, त्यात कोरलड्रॉ, आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचे फॉन्ट. गिऱ्हाईक त्याच्या मागे स्टूल घेऊन बसतं. नाव मोठं करा. आता नंबर मोठा करा. आता पत्ता जरा दबल्यासारखा वाटतो, तोही मोठा करा. सगळंच मोठं झाल्यावर पुन्हा सगळं सारखंच दिसू लागतं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, नाव लाल करा. व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर त्या जुन्या फॉन्टमध्ये उतरताना रफार एखाद्या भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, तो मुलगा तो मुकाट्याने उचलून जागेवर ठेवतो. तासभर हे चालतं. या तासाचे पैसे किती, असं त्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "डिझाइन फ्री असतं ना काका." दिल्लीत हनीफ कुरेशी नावाच्या कलावंताने रस्त्यावरच्या पेंटरांची हाताची वळणं जमवून त्यांचे फॉन्ट करायला घेतले होते. त्या मुलाला मी हे सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, मराठीत आहेत का?

रेडियमवाल्याचं दुकान याच भावकीतलं, पण त्याची कथा थोडक्यात संपते. रंगीत स्टिकरचा कागद, तो कापणारा प्लॉटर आणि नंबर प्लेट. 4141 हे आकडे असे काही वळवायचे की 'दादा' वाचावं, 214 चा 'राम' करायचा, 8055 मध्ये इंग्रजीतला बॉस बसवायचा, ही त्याची कला. अंकांना भाषा बोलायला लावणारा इतका चतुर लिपिकार दुसरा झाला नसेल. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा नंबर प्लेट आली, पुढे जुन्यांनाही लागली, आणि दादा पुन्हा 4141 झाले. रेडियमवाल्याकडे आता मागच्या काचेवरची 'आई' तेवढी उरली आहे. तिचा दर ठरलेला आहे, तिथे कुणी घासाघीस करत नाही.

आता गंगापूर रोड, कॉलेज रोडकडे पाहिलं तर पुन्हा शांतता पसरते आहे. एसीपी शीटवर ॲक्रिलिकची उठावदार अक्षरं, आत एलईडी. भाव काढायची रीत अशी: अक्षराच्या उंचीचे इंच, गुणिले अक्षरांची संख्या. म्हणजे फिरून अक्षरच आलं, आणि त्यासरशी 'तसेच' आणि 'इत्यादी' पुन्हा गायब झाले. पण या नव्या मापाला देवनागरी जड जाते. मशीनने कापलेल्या अक्षरांत अनुस्वार हा सुटा तुकडा. त्याला वेगळं चिकटवायचं, त्याच्या पोटात वेगळा दिवा घालायचा. काका जे टिंब सहज देऊन टाकत, त्याचा आता वेगळा नग लागतो, आणि उन्हापावसात पहिल्यांदा पडतो तोही तोच. वेलांटीच्या वळणात एलईडीचं मॉड्यूल मावत नाही, म्हणून रात्री ती अंधारात राहते आणि 'किरण' दिवस मावळताच 'करण' होतो. 'शिव' नावाचं मेडिकल असेल तर कारागिराला हा विचार आधीच करून ठेवावा लागतो. शीट मिळते आठ फूट बाय चार फूट. दुकान असतं दहा फुटी. शिरोरेषा तर अखंड हवी. सांधा कुठेतरी द्यावाच लागतो, आणि तो नेमका मालकाच्या नावाच्या मधोमध येतो.

त्यात कायदा आला. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको असं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले. उत्तम झालं, मला मनापासून आनंद आहे. पण आकार मोजायचा कुठून कुठपर्यंत, हे पाटी करणाऱ्यालाच ठरवावं लागतं. रोमन मोठी लिपी दोन फुटांच्या पट्टीत पायापासून डोक्यापर्यंत भरून उभी राहते. मराठीला वर वेलांटी, रफार, मात्रा यांना हात लांब करायला जागा हवी, खाली उकाराला पाय सोडायला. उरतं मधलं अंग, ते दिसतं बारीक. दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच उंची, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. आपल्या लिपीत तो इंच शिरोरेषेखालून धरायचा की वेलांटीसकट, यावर वाद घालणारे काका हवे होते. ते हवे होते असं मला २०१७ सालीही वाटलं होतं. जीएसटी आला आणि नोंदणीक्रमांक दाराच्या नामफलकावर लिहिणं नियमाने भाग पडलं. अंक आणि अक्षरं मिळून पंधरा. गावातल्या प्रत्येक नोंदणीकृत दुकानाच्या पाटीवर पंधरा अक्षरांची वाढ, सरकारी हुकमाने, आणि तीही अक्षरावर भाव लावणारा उरला नाही तेव्हा!

ॲक्रिलिकची अक्षरं करणाऱ्या अशा एका दुकानात बसून मी बिल होताना पाहिलं आहे. ते वाचण्यासारखं असतं. सांगाड्याचा चौकोनी पाइप किलोवर. एसीपी पूर्ण शीटवर, उरलेली कातरण दुकानाच्या कोपऱ्यात. अक्षरं इंचावर. मॉड्यूल नगावर, वायर फुटावर, दिव्यांना वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा जितक्या वॅटचा तितका. मग शिडी, दोन माणसं, टेम्पो, आणि त्यावर दुकानदाराचा हात थांबतो, तो वर छताकडे पाहतो आणि एक आकडा लिहितो. हे शेवटचं माप कुठल्या पट्टीवर नाही. पुराचं पाणी किती चढलं हे आम्ही गोदावरीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून सांगतो. त्याच जातीचं हे माप आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा, दुकानाचा नाका आणि महिनाअखेर यांचं मिळून ते बनतं. नाशिकरोडच्या छापखान्यात ज्या नोटा निघतात त्यांच्यावर किंमत मागच्या बाजूच्या पट्टीतच पंधरा भाषांत लिहिलेली असते, कुणाला शंका राहू नये म्हणून; आणि त्याच नोटा मोजून देताना आपण विचारतो, फायनल किती?

या सगळ्या बिलात एक ओळ कधीच नसते. रस्त्यावरून जाणाऱ्याला पाइप दिसत नाही, मॉड्यूल दिसत नाही, एसएमपीएस तर मुळीच नाही. त्याला दिसतं ते अक्षराचं वळण, दोन अक्षरांमधलं अंतर, कुठे जागा मोकळी सोडली ते. काकांच्या काळी याचे पैसे निदान अक्षराच्या भावात विरघळलेले असत. आता त्या स्टुलाशेजारच्या मुलाचा तासभर लोखंडाच्या किलोत धरला जात नाही, शीटच्या फुटात नाही, वायरीतही नाही. छोट्या दुकानांनी चौरस फुटाचा भाव एकमेकांच्या खाली पाडत नेला आहे, आणि पाडायला सगळ्यात सोपी तीच एक गोष्ट होती, जी मोजता येत नाही.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गाव नव्याने रंगेल, दुकानं नव्या पाट्या करायला टाकतील. तुम्हीही टाकाल, तर मजकूर आधी घरी लिहून काढा आणि त्यातलं निम्मं तिथेच खोडा. रोलमधला अर्धा फूट उरला तर उरू द्या. आणि बिल करताना डिझाइनची एक वेगळी ओळ घालायला सांगा, तिच्यासमोर त्या मुलाला आकडा लिहू द्या, आणि तो आकडा कमी करायला सांगू नका.